हा दिवा तुमच्यासाठी नाही

गाडीच्या डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे आपल्या भल्यासाठी असतात. ऑइलचा दिवा म्हणतो, थांब, नाहीतर इंजिन जाम होईल. टेम्परेचरचा दिवा कूलंट बघायला सांगतो. सीटबेल्टच्या दिव्याला आपल्या बरगड्यांची काळजी असते, एअरबॅगच्या दिव्याला डोक्याची. यांचं ऐकलं नाही तर फटका आपल्यालाच बसतो, त्यामुळे त्यांचं ऐकायला कुणाला नीतिशास्त्र शिकावं लागत नाही.

एक दिवा मात्र वेगळा आहे. इंजिनाच्या चित्राचा, पिवळसर. चेक इंजिन लाइट. तो लागला की आपण घाबरून कान टवकारतो, आणि कित्येकदा काहीच ऐकू येत नाही. पिकअप तोच, आवाज तोच, ॲव्हरेज तेच. मग आपण म्हणतो, गाडी तर मस्त चाललीय, दिवाच खराब असणार.

दिवा बहुतेक वेळा खराब नसतो. गाडी गेल्यावर मागे जी हवा उरते, ती ज्यांच्या छातीत जाते त्यांच्या वतीने तो बोलत असतो. म्हणजे तक्रार आहे, पण तक्रारदार दिसत नाही. त्रास आहे, पण आपल्याला नाही. आणि ती तक्रार गप्प करायला वीस डॉलर पुरतात. अशी तक्रार ऐकायची का, आणि का ऐकायची, हा माझा प्रश्न आहे.

पॅसाडेना, एक जुनी गाडी आणि दोन कोड

मी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पॅसाडेनात राहतो. रोज ऑफिसला ट्रेनने जातो. माझ्याकडे २००६ची एक दोन सीटची, छप्पर उघडणारी, मॅन्युअल गिअरची जपानी गाडी आहे. तिचा उपयोग शून्य. चार माणसं बसत नाहीत, किराणा मावत नाही. रविवारी सकाळी लवकर उठून एंजेलिस क्रेस्टच्या घाटात जायचं, वळणावर गिअर खाली घ्यायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा, एवढ्यासाठी ती आहे. हे आधीच सांगतो, कारण ही गाडी गरज नसून चैन आहे, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

तर या गाडीचा दिवा लागला. गाडी उत्तम चालत होती. तीन महिन्यांत स्मॉग चेक होता. कॅलिफोर्नियात बहुतेक जुन्या गाड्यांना दर दोन वर्षांनी ही तपासणी लागते, आणि दिवा लागलेली गाडी त्यात नापास होते.

मी खोक्यातून ब्लूटूथचा छोटा स्कॅनर काढला, स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावला. फोनवर दोन कोड आले. पी०४४२, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत छोटी गळती. आणि पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली.

या दोन ओळींमागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडला. २६ जुलै १९४३ला लॉस एंजेलिसवर असं दाट धुरकं उतरलं की युद्धाच्या त्या दिवसांत लोकांना वाटलं, जपानने विषारी वायू सोडला. डोळे चुरचुरत होते, घसे खवखवत होते आणि शत्रू कुठे दिसत नव्हता. पुढे १९५०च्या सुमारास पॅसाडेनातल्याच कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. हा माणूस अननसाच्या वासावर काम करत होता. त्याने दाखवलं की गाड्या आणि रिफायनऱ्यांमधून सुटणारी हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. म्हणजे शत्रू रोज सकाळी स्वतःच गॅरेजमधून बाहेर पडत होता. १९६७मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, आणि त्याचा पहिला अध्यक्ष हाच माणूस झाला.

१९७५च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पण कन्व्हर्टर बसवला म्हणजे तो दहा वर्षांनीही काम करतोय हे कशावरून? म्हणून गाडीने स्वतःवरच लक्ष ठेवावं असा नियम झाला. १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ओबीडी-टू ही यंत्रणा सक्तीची झाली. साधारण नियम असा, की एखाद्या बिघाडाने प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या दीडपटीवर जाणार असेल, तर दिवा लागला पाहिजे. वाफेच्या गळतीबाबत तर हे इतकं काटेकोर आहे की अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही गाडीला ओळखता यायला हवी.

मला या कल्पनेचं नवल वाटतं. माणसांनी कायदा करून यंत्राला मालकाविरुद्ध साक्ष द्यायला शिकवलं.

कोड म्हणजे निकाल नव्हे

पी०४२० दिसला की लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर थेट कन्व्हर्टर बदलतात, नाहीतर कोड पुसून टाकतात. वरवर पाहता एक जण प्रामाणिक आणि दुसरा लबाड. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. दोघांनीही तक्रार नीट ऐकलेली नसते.

कोड हा आरोप असतो. आधी वाफेची गळती घेतली. पेट्रोलच्या टाकीचं झाकण ठीक होतं, रबर शाबूत होतं. ग्लेनडेलमध्ये एक आर्मेनियन मेकॅनिक आहे, त्याच्याकडे स्मोक टेस्ट केली. या यंत्रणेत हलक्या दाबाने धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते टॉर्च लावून बघतात. मागच्या चाकाजवळ, कोळशाच्या डब्याकडे जाणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर होती. तिथून धुराची एक रेघ निघाली. चौदा डॉलरचा पाइप. या चिरेतून गाडी नुसती उभी असतानाही पेट्रोलची वाफ हवेत जात होती आणि मला कधी वाससुद्धा आला नव्हता.

मग पी०४२०. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर असतो. पुढचा इंजिनातून येणारं मिश्रण बघतो, ते सतत थोडं इकडे, थोडं तिकडे होत असतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो, गरजेनुसार सोडतो आणि हे चढउतार गिळून टाकतो. त्यामुळे मागच्या सेन्सरची रेषा जवळपास सपाट दिसते, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टला. माझ्या गाडीत इंजिन गरम करून, एक्सलरेटर स्थिर धरून बघितलं, तर मागची रेषा पुढून येणाऱ्या प्रत्येक चढउताराबरोबर नाचत होती.

यावरूनही निकाल देता येत नाही. एक्झॉस्टला कुठे गळती असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. ती तपासली, नव्हती. इंजिन पेट्रोल कमी-जास्त घेतंय का ते फ्युएल ट्रिमच्या आकड्यांवरून पाहिलं, ते शून्याच्या आसपास होते. मिसफायर नव्हता. म्हणजे कन्व्हर्टरच थकला होता. मेकॅनिकने पुढचा प्रश्न विचारला, "थकला कशाने?" इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस कन्व्हर्टरच्या आतल्या थरावर बसत जातो आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमला काम करू देत नाही. अशा गाडीत नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही मरतो. शोधल्यावर पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला सापडला. इंजिन त्यातून थोडं थोडं ऑइल ओढत होतं. तो भाग वीस-बावीस डॉलरचा.

हे सगळं सविस्तर सांगितलं, कारण मला यात नीतीचा एक धडा दिसतो. तक्रार ऐकणं म्हणजे ती लगेच मान्य करणं नव्हे. आरोप खोटाही असू शकतो, भलत्यावरही असू शकतो. पण तो खोटा आहे असं म्हणण्याचा अधिकार तपास करणाऱ्यालाच मिळतो. घरात, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण नेमकं हेच टाळतो. एकतर घाईने 'सॉरी, माझंच चुकलं' म्हणून विषय मिटवतो, नाहीतर 'तुला काहीही वाटतं' म्हणतो. सेन्सरची रेषा बघायला कुणाला वेळ नसतो.

गप्प करण्याचे तीन मार्ग

नव्या कन्व्हर्टरचं एस्टिमेट आलं, मजुरीसकट एकोणीसशे डॉलर. बऱ्याच राज्यांत याहून स्वस्त भाग चालतो. कॅलिफोर्नियात हवा मंडळाची मान्यता असलेला आणि तसा क्रमांक कोरलेलाच लागतो.

आता गप्प करण्याचे मार्ग बघा. पहिला, कोड पुसणं. बटण दाबलं की दिवा जातो. पण त्याबरोबर गाडीने केलेल्या स्वयंतपासणीच्या नोंदीही पुसल्या जातात आणि स्मॉग चेकच्या मशीनला कळतं, की पाटी नुकतीच कोरी झालीय. गाडी काही दिवस चालवून या म्हणतात, आणि चालवली की दिवा परत हजर.

दुसरा मार्ग, स्पेसर. मागच्या सेन्सरखाली बोटभर लांबीचा धातूचा तुकडा लावायचा. सेन्सर मुख्य प्रवाहातून मागे सरकतो, त्याच्यापर्यंत चढउतार नीट पोचत नाहीत, रेषा सपाट होते. गाडीला वाटतं, कन्व्हर्टर ठणठणीत आहे. वीस डॉलर.

तिसरा, सॉफ्टवेअर बदलून पी०४२० तपासायचंच बंद करणं. स्पोर्ट्स कारवाल्यांत हा लोकप्रिय, कारण त्यासोबत कन्व्हर्टरच काढून टाकता येतो आणि आवाज 'खुलतो'. जुलै २०२१पासून कॅलिफोर्नियाची तपासणी सॉफ्टवेअरही ताडून बघते, त्यामुळे तो मार्ग अवघड झालाय.

हेच मोठ्या प्रमाणावर केलं की काय होतं ते २०१५मध्ये जगाने पाहिलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची आणि तेवढ्यापुरती सभ्य व्हायची. रस्त्यावर त्याच गाड्या नायट्रोजनची ऑक्साइड्स अमेरिकन मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत होत्या. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. एका अभियंत्याला अमेरिकन कोर्टाने ४० महिन्यांची कैद दिली. तेव्हा आपण सगळेच संतापलो होतो. पण स्पेसर वेगळं काय करतो? तोही गाडी स्वच्छ करत नाही, स्वच्छ दिसेल एवढं बघतो. फरक फक्त संख्येचा आहे.

एका दाण्याने काय होतं?

हाच संख्येचा मुद्दा माझ्या एका मित्राने धरला. मूळचा नाशिकचा, इथे वीस वर्षं आहे. म्हणाला, "अरे, या खोऱ्यात लाखो गाड्या आहेत. तुझ्या एका गाडीने, तीही महिन्यातून चारदा चालणाऱ्या, काय फरक पडणार आहे? शून्य. एकोणीसशे डॉलर कुणाला तरी दान दे, जास्त पुण्य लागेल."

हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. माझ्या गाडीमुळे अमुक एका मुलाला दम्याचा झटका आला, असं कुणीही कधीही दाखवू शकणार नाही.

जोनाथन ग्लोव्हर या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७५मध्ये यावर एक गोष्ट रचली. शंभर गावकरी जेवायला बसलेत, प्रत्येकाच्या वाडग्यात शंभर दाणे. शंभर दरोडेखोर येतात, प्रत्येक जण एकेक वाडगा पळवतो. पुढे त्यांच्या मनात विचार येतो, हे वाईट आहे, आपल्यामुळे एक माणूस उपाशी राहतो. मग ते युक्ती काढतात. प्रत्येकाने प्रत्येक वाडग्यातून फक्त एक दाणा घ्यायचा. एका दाण्याने कुणाचं पोट रिकामं राहत नाही, कुणाला कळतही नाही. दरोडेखोर निश्चिंत मनाने परततात, आणि मागे शंभर वाडगे पहिल्यासारखेच रिकामे असतात.

धुरकं म्हणजे हेच वाडगे. समुद्रावरून वारा येतो, लॉस एंजेलिसची हवा पूर्वेला ढकलतो, आणि पुढे डोंगर आडवे येतात. त्यामुळे सोडणारे एकीकडे आणि भोगणारे दुसरीकडे असतात. सॅन बर्नार्डिनो आणि रिव्हरसाइडच्या बाजूला, जिथे घरं स्वस्त आणि गोदामं जास्त, तिथे ती हवा साचते. मी घाटात वर जाऊन छप्पर उघडून स्वच्छ हवा खातो आणि माझा एक एक दाणा खालच्या लाखो वाडग्यांतून उचललेला असतो.

मित्राचा दुसरा वार जास्त खोल होता. "एवढी हवेची काळजी आहे तर गाडी विकूनच टाक की. चैनीसाठी पेट्रोल जाळायचं आणि कन्व्हर्टर बदलून साळसूदपणा मिरवायचा, हे ढोंग नाही का?"

यावर मी बरेच दिवस विचार केला. नवा कन्व्हर्टर बसवूनही गाडी निर्दोष होत नाही, हे खरंच आहे. तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात करतो. पृथ्वी तापण्याच्या हिशेबात तो माझी काहीच मदत करत नाही. तो हिशेब वेगळा आणि माझ्या नावावर उरलेलाच आहे.

पण एकत्र राहणाऱ्या माणसांत निर्दोष कुणीच नसतं. स्वयंपाक केला तरी धूर होतो. म्हणून आपण सगळे मिळून मर्यादा ठरवतो. इतकं चालेल, याच्या पुढे नाही. हवेची मर्यादा बंद खोलीत ठरली नाही. त्यासाठी जाहीर सुनावण्या झाल्या, गाड्यांच्या कंपन्या भांडल्या, डोळे चुरचुरणारे लोकही भांडले. त्या मर्यादेच्या आत मी जी मजा करतो, तिला त्या लोकांची काहीशी संमती आहे. मर्यादेच्या बाहेर मी त्यांना न विचारता घेतो. दिवा लागतो तो नेमका या सीमेवर. 'तू वाईट माणूस आहेस' असं तो म्हणत नाही. 'तुला दिलेली परवानगी संपली' एवढंच सांगतो.

मर्यादा चुकीची वाटत असेल तर? तर भांडावं, उघडपणे. मिठाचा सत्याग्रह अंधारात झाला नव्हता. कायदा मोडणाऱ्याने जगासमोर मोडला आणि शिक्षेला तयार राहिला. स्पेसर लावणारा गाडीखाली झोपून, दार बंद करून लावतो. त्याला नियम बदलायचा नसतो. नियम इतरांनी पाळावा आणि आपल्यापुरता नसावा, एवढंच त्याला हवं असतं.

ज्याला परवडत नाही त्याचं काय?

एकोणीसशे डॉलर म्हणजे कुणाचं तरी महिन्याचं भाडं असतं. आमच्या ऑफिसची इमारत साफ करणारी एक बाई पन्नास मैलांवरून जुन्या सेडानने येते. तिचा दिवा लागला आणि तिने तो काही महिने दुर्लक्षिला, तर मी तिला दरोडेखोर म्हणणार नाही. तिच्या वाडग्यातून आधीच खूप दाणे गेलेत, आणि वाऱ्याच्या दिशेला ती राहते. कॅलिफोर्निया राज्य कमी उत्पन्नाच्या लोकांना नापास गाडी दुरुस्त करायला किंवा भंगारात काढायला पैसे देतं, ते म्हणूनच. दिवा सगळ्यांचा सारखाच, पण त्याला उत्तर द्यायची ताकद सारखी नाही.

माझ्यापाशी ती सबब नाही. गाडी नसेल तर माझं काहीही अडत नाही. गरजेसाठी दुसऱ्याची हवा वापरणारा माफी मागू शकतो. चैनीसाठी वापरणाऱ्याने आधी आपला खर्च पुरता भरावा, असं मला वाटतं. गाडी जितकी अनावश्यक, तितकी ही जबाबदारी कडक. मी कन्व्हर्टर बदलला. खूप आनंदाने नाही. त्या पैशांत मला नवे टायर घ्यायचे होते.

आपण पीयूसी 'काढतो'

हे अमेरिकेचे चोचले आहेत असं वाटत असेल तर तुमच्या बाइककडे बघा. १ एप्रिल २०२०पासून भारतात बीएस-सिक्स आलं. आज पुण्यात किंवा कोल्हापुरात कॉलेजला नेलेल्या नव्या बाइकच्या मीटरवरही असा पिवळा दिवा असतो आणि तिच्या एक्झॉस्टमध्ये कन्व्हर्टर असतो. आवाजासाठी तो एक्झॉस्ट बदलताना आपण नेमकं काय काढून फेकतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मग दिवा लागतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "भाऊ, काही नाही, तो सेन्सर बायपास करून देतो."

आपली भाषाही बघा. आपण पीयूसी 'करत' नाही, 'काढतो'. रेशन कार्ड काढतात, दाखला काढतात, तसा. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचे असतात. पण आपल्या बोलण्यात मोजणं कुठेच नाही, कागद तेवढा आहे. पोलिसाने अडवलं तर दाखवायचा. फोक्सवॅगनच्या सॉफ्टवेअरने जे केलं, ते आपण क्रियापदानेच करतो.

कुणाचंही नाव नसलेली सुधारणा

नवा कन्व्हर्टर बसल्यावर मागच्या सेन्सरची रेषा सपाट झाली. बाकी काहीच घडलं नाही. गाडी आधीइतकीच चालली. खाली खोऱ्यात कुणाला काही जाणवलं नाही, जाणवणारही नव्हतं.

पण दक्षिण कॅलिफोर्नियात १९९०च्या दशकापासून शाळकरी मुलांच्या फुप्फुसांचा एक दीर्घ अभ्यास चालला. २०१५मध्ये त्याचे निष्कर्ष आले. हवा जशी सुधारत गेली, तशी ११ ते १५ वर्षांच्या मुलांच्या फुप्फुसांची वाढही सुधारत गेली. पुढच्या तुकडीतल्या मुलांची फुप्फुसं आधीच्या तुकडीपेक्षा चांगली वाढली. त्या मुलांनी आभार कुणाचे मानायचे? त्यांच्या छातीत वाढलेल्या त्या थोड्याशा जागेवर कुठल्याही एका गाडीचा नंबर लिहिलेला नाही. त्यामागे कायदे आहेत, कारखाने आहेत, आणि कुरकुरत का होईना, दिवा लागल्यावर गॅरेजमध्ये गेलेली लाखो माणसं आहेत.

'माझ्या एकट्याने काय होतं' या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर एवढंच आहे. एकेका दाण्याने वाडगा रिकामा होतो, हे खरं असेल, तर तो भरतोही तसाच.